पुठ्ठ्याची वाघीण

रेल्वेच्या मालडब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगन हा शब्द आपल्या माणसांच्या तोंडी रुळला आणि त्याची वाघीण झाली. पुढे वर्तमानपत्रांनीही तो शब्द स्वीकारला. माझे वडील पंढरपूरच्या बाजूला छोट्या लाइनवर गँगमन होते. ‘आज खडीच्या दोन वाघिणी उतरवल्या’ असे ते घरी येऊन सांगत, तेव्हा लहानपणी माझ्या डोळ्यांपुढे खरेच जनावर उभे राही. ते जनावर माणसांना जेवढे दमवी, तेवढे दुसरे कोणी दमवत नसे, एवढे मात्र वडिलांच्या खांद्यांकडे पाहून कळे.

आज नातेपुत्यात आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब फळी ठोकलेली आहे. तिच्यावर रूळ आहेत, एक सांधा आहे, एक छोटे स्टेशन आहे आणि अकरा वाघिणी आहेत. साऱ्या घरी केलेल्या. इंजिन एकच आहे, तेही बॅटरीच्या खेळण्यातली मोटर काढून बसवलेले. घरी येणारा पाहुणा आधी इंजिनाकडे पाहतो, ते कसे चालते ते विचारतो आणि चहा घेतो. वाघिणीकडे कोणी पाहत नाही. मला मात्र वाघिणीविषयीच लिहायचे आहे, कारण ओझे तीच वाहते.

नातेपुत्याला रेल्वे नाही. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते आणि पायी माळशिरसकडे जाते. फलटणहून पंढरपूरला लोहमार्ग व्हावा ही मागणी जुनी आहे. त्यामुळे आमच्या मुलांना रेल्वे दाखवायची तर प्रवास करावा लागतो. आणि ज्या रेल्वेवर माझे वडील राबले, ती तर आता कोठेच पाहायला मिळत नाही. ती होती बार्शी लाइट रेल्वे.

या रेल्वेची हकिगत आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. बार्शी हे मोठे व्यापारी गाव, पण जी.आय.पी. रेल्वेचा मुंबईहून येणारा रुंद मार्ग तेथून बावीस मैलांवर, कुर्डुवाडीवरून गेलेला. मधला सारा माल बैलगाड्यांनी जाई. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने येथे अडीच फूट रुंदीचा छोटा मार्ग बांधला. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने हा सारा मार्ग रुंद झाला. छोटी गाडी संपली.

कॅलथ्रॉपने हिशेब असा मांडला होता. रूळ हलके घातले तर मार्ग स्वस्त पडतो. पण हलका रूळ जड चाक सोसत नाही. मग त्याने ठरवले की इंजिन असो की डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळ्या आसांवर सारखा वाटून द्यायचा. त्यामुळे यार्डाला केवळ तीस पौंड वजनाचा रूळही पुरला. डब्यांच्या सांगाड्याचे मापही त्याने एकच ठेवले. लांबी पंचवीस फूट, रुंदी सात फूट. सांगाडा दाबून वळवलेल्या पोलादी पत्र्याचा केला, म्हणजे डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि माल जास्त. मुलांना गणिताच्या तासाला सांगण्याजोगी ही गोष्ट आहे. एकाच्याच डोक्यावर सारे ओझे ठेवले तर रूळ मोडतो, हे कॅलथ्रॉपला कळले होते. आपल्या समाजरचनेला ते कित्येक शतके कळले नाही.

आता वाघीण करायची कशी, ते सांगतो.

सुताराकडे इंचाचे आठ भाग असतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. आम्ही फुटाला अर्धा इंच, म्हणजे चार सूत असे प्रमाण धरले. म्हणजे खऱ्या गाडीचा हा चोविसावा हिस्सा झाला. या मापात एक सूत म्हणजे खऱ्या गाडीचे तीन इंच. रुळांमधले अंतर अडीच फूट, ते झाले दहा सूत. डब्याची रुंदी अठ्ठावीस सूत. लांबी बरोबर शंभर सूत, म्हणजे साडेबारा इंच. शाळेच्या बारा इंची पट्टीत वाघीण मावत नाही, अर्धा इंच बाहेर राहते. बाजूंची उंची आणि दारांची मापे जुन्या छायाचित्रांवरून काढली. छायाचित्रात डब्याजवळ माणूस उभा असेल तर त्याच्या उंचीशी ताडून बाकीचे माप काढता येते. हे त्रैराशिक माझ्या नातीने केले. ती आठवीत आहे. पुस्तकातले त्रैराशिक तिला कंटाळवाणे वाटे, हे तिने दोनदा पडताळून पाहिले.

पुठ्ठा छापखान्यातून आणतो, वह्या-पुस्तकांच्या बांधणीचा. आधी त्याला दोन्ही अंगांनी लाखेचे पॉलिश द्यायचे. ते पुठ्ठ्यात मुरले की तो लाकडासारखा टणक होतो आणि पावसाळ्यात फुगत नाही. मग पोलादी पट्टी आणि गुण्या लावून कापायचा. ब्लेड एका फटक्यात दाबायची नाही. हलक्या हाताने चार वेळा फिरवायची.

सांगाड्यासाठी पुठ्ठा पुरेसा नाही का, असे नातीने विचारले. तेव्हा एक जुनी लग्नपत्रिका घेतली आणि दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखी ठेवली. वर एक रुपया ठेवला, पत्रिका खाली वाकली. मग तिच्या दोन्ही लांब कडा दुमडून उभ्या केल्या. तीच पत्रिका, तेवढाच कागद, पण आता मूठभर नाणी ठेवली तरी हलेना. कॅलथ्रॉपचा दाबून वळवलेला पत्रा तो हाच. तेव्हापासून आमच्या साऱ्या वाघिणींचे लांब पाट दुमडलेल्या कडांचे असतात. जाड वस्तू मजबूत आणि पातळ वस्तू कमजोर, हा समज त्या दिवशी घरातून गेला.

सांगाड्याखाली बोगी येते. आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. खरे तर बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. एका वाघिणीला अशा दोन बोग्या असतात आणि त्या मधल्या खिळ्यावर फिरतात, म्हणून लांब डबाही वळणावर वळतो. येथे एक युक्ती आहे. दोन्ही बोग्या घट्ट बसवल्या तर रूळ जरा जरी वरखाली असला की एखादे चाक अधांतरी राहते आणि डबा घसरतो. म्हणून एक बोगी नुसती डावी-उजवीकडे फिरेल अशी बसवायची आणि दुसरी त्याशिवाय बाजूंना डोलेल अशी. चार पायांचे स्टूल उंचसखल जमिनीवर डगमगते, तिपाई कधी डगमगत नाही. वाघीण चारी आसांवर चालली तरी तिचा तोल तिपाईचा ठेवावा लागतो.

चाके तेवढी घरी होत नाहीत. ती लेथवर कातून घेतो. चाकाला आतल्या बाजूने कड असते, ती चाकाला रुळाबाहेर जाऊ देत नाही. शिवाय चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, किंचित उतरता असतो. त्यामुळे जोडी एका बाजूला सरकली की आपोआप मध्ये येते. चाके आसावर बसवताना दोन चाकांच्या आतल्या अंगांमधले अंतर पावणेनऊ सूत ठेवावे लागते. यासाठी लाकडाचा एक ठोकळा नेमका त्या मापाचा केला आहे. प्रत्येक जोडी त्या ठोकळ्यावर तपासल्याशिवाय वाघिणीखाली जात नाही. वडिलांच्या गँगकडेही रुळांचे अंतर मोजायची लोखंडी गेज असे. ती उचलायची, रुळांवर टेकवायची, पुढे जायचे. मैलोन् मैल. आमचा ठोकळा त्या गेजेचा नातू आहे.

यानंतर येतात बारकावे. हेच खरे वेळखाऊ काम आणि हेच खरे आनंदाचे. रिबिटांसाठी छापखान्यातली वापरून टाकलेली ॲल्युमिनियमची प्लेट घ्यायची. तिची पट्टी कापून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यावर उलटी ठेवायची आणि मागून कंपासच्या टोकाने दाबायचे. पुढच्या बाजूला रिबिटीचे डोके उमटते. एका सुतावर एक, रेघ आखून, न चुकता. एका वाघिणीला काही शे रिबिटा लागतात. हातकड्या आणि ब्रेकच्या दांड्यांसाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जळक्या मोटारीची तांब्याची तार आणतो. आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारी जळणे कधी थांबत नाही, त्यामुळे तारेचा तुटवडा नाही. रुंद मार्गाच्या जुन्या डब्यांना टोकाला दोन बाजूंना दोन बफर असत, आमच्या छोट्या गाडीला मधोमध एकच.

रंग म्हणून खिडकीच्या गजांना आधी लावतात तो रेड ऑक्साइड. पण नुसता रंग दिला की वाघीण दुकानातल्या खेळण्यासारखी दिसते. खरी वाघीण उन्हापावसात उभी असते. खालच्या अंगाला चाकांनी उडवलेली धूळ, ब्रेकजवळ तपकिरी भुकटी, दाराच्या कडीखाली गंजाचा ओघळ. आम्ही काळ्या रानातली माती वस्त्रगाळ करतो आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने लावतो. नात म्हणाली, ‘आजोबा, नवी कोरी वाघीण आपण मळवतो कशाला?’ मी सांगितले, काम केलेल्या वस्तूवर कामाची खूण राहते. ती पुसून टाकणे म्हणजे तिने काम केलेच नाही असे म्हणणे.

एक संध्याकाळ नेहमी आठवते. टेबलावर एका वाघिणीचे सारे भाग मांडलेले होते. आस, चाके, बोग्या, पाट, दारे, तारा. नातीने विचारले, ‘यातली वाघीण कोणती?’ वाचकांच्या लक्षात आलेच असेल. भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाविषयी हेच विचारले होते. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. भाग ज्या रीतीने एकत्र आले, त्याला दिलेले नाव म्हणजे रथ. नातीला मी मिलिंदप्रश्न वाचायला दिला आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, काढलेल्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद का, तेही सांगितले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांचाही त्यात मान आहे. अनात्म हा विचार मी आयुष्यभर प्रवचनांतून ऐकला. हाताला चिकटलेल्या फेव्हिकॉलसह तो प्रथमच समजला.

हे सारे घरात बिनविरोध चालले असे नाही. माझा मुलगा बँकेत आहे. त्याने एकदा गंभीरपणे विचारले, ‘अण्णा, आजोबा रुळांवर राबले म्हणून तुम्ही शिकलात. तुम्ही शिकलात म्हणून मी खुर्चीवर बसलो. आता पोरीच्या हातात पुन्हा कानस आणि हातोडी कशाला देता?’ त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हातकामातून बाहेर पडायला आपल्या घराघरांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या लागल्या आहेत. पांढरे कपडे हा आपल्याकडे नटवेपणा नाही, ती लढून मिळवलेली गोष्ट आहे.

मी त्याला मनमाडची आठवण दिली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील जागांचा हिशेब मांडला होता, तो आपण कमी वाचतो. आपली माणसे रेल्वेत मुख्यतः गँगमन. बढतीची आशा नाही. पोर्टरची जागासुद्धा मिळणे कठीण, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. कारखान्यात मेकॅनिकच्या कामाचा दरवाजा तर जवळजवळ बंदच. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यातही आपल्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे.

म्हणजे बंदी कष्टांना नव्हती. दगड फोडा, खडी उपसा, पहार मारा, त्याला कोणाची हरकत नव्हती. बंदी होती कौशल्याला. आपल्या हातात पहार होती, नकाशा दुसऱ्याच्या हातात होता. कुर्डुवाडीला छोट्या गाडीचा कारखाना होता. त्या कारखान्यात वाघीण उलटी करून तिचा एकेक भाग सोडवत, दुरुस्त करत. माझ्या वडिलांनी जन्मभर वाघिणी रिकाम्या केल्या, पण वाघीण आतून कशी असते, हे त्यांना कोणी दाखवले नाही. मी मुलाला म्हणालो, ‘पोरीच्या हातात मी कानस दिली आहे खरी, पण आधी पट्टी आणि पेन्सिल दिली आहे. तिची वाघीण तीच आखते.’ तो लगेच मान्य झाला असे नाही. पण पुढच्या खेपेस येताना त्याने पोरीसाठी चांगला पोलादी गुण्या आणला.

हा छंद श्रीमंतांचा, असाही एक समज आहे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. एकदा मुलांना तेथे जरूर न्यावे. सिग्नल, पूल, झुकझुक गाड्या पाहून मोठी माणसेही लहान होतात. परदेशी बनावटीचे तयार डबे मात्र आपल्या खिशाला परवडणारे नाहीत. पण छापखान्यातला पुठ्ठा, जळकी तार, लाखेचे पॉलिश, लेथवाल्याची मजुरी, एवढ्यात वाघीण उभी राहते. सर्वांत मोठा खर्च वेळेचा. एका वाघिणीला आम्हाला सुटीचे सात-आठ दिवस लागतात.

आमच्या फळीवर एक उघडी वाघीण आहे. तिच्यात खडी भरली आहे. खाली थर्माकोल आणि वर चाळलेली खरी खडी, म्हणजे इंजिनाला ओढवते. तिच्याजवळ पाच माणसे उभी आहेत. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एमसील. पाच फूट चार इंचांचा माणूस या मापात पावणेतीन इंचांपेक्षा जरा कमी भरतो. हातात पहार, फावडे, घमेले, गेज. मी छोट्या रेल्वेची पुष्कळ छायाचित्रे पाहिली आहेत. त्यांत हिरवा झेंडा घेतलेला गार्ड असतो, चहावाला असतो, छत्री घेतलेली बाई असते. गँग क्वचितच दिसते. रिबीट मोजून लावणाऱ्या माणसाला रुळाखाली खडी घालणारा दिसू नये, याला बारकावा कसे म्हणावे?

याच विचारातून नातीने मागणी केली की आपण मसूरचे स्टेशन करू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालची हकिगत लिहिली आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे जायला लहानगा भीम, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून गाडीने निघाली आणि मसूरला उतरली. नवे कपडे, नव्या टोप्या. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक तयार झाला.

पुणे-मिरज मार्ग तेव्हा मीटरगेज होता, तो १९७१ मध्ये रुंद झाला. आमच्या मापात मीटरगेज तेरा सुतांचा येतो. म्हणून वेगळी छोटी फळी केली. नातीने तिच्यावर रूळ घातले, फलाट केला, सामानाशेजारी मुले उभी केली, बैलगाडी केली. मी विचारले, वाघीण कोणती ठेवायची? ती म्हणाली, ‘कोणतीच नाही. गाडी निघून गेलेली आहे.’ रूळ तिने रिकामे ठेवले. त्या बैलगाडीच्या चाकाचे आरे तिने एकेक मोजून बसवले आहेत.

आपल्या विहारांत रविवारी मुले जमतात. वंदना होते, गाणी होतात, भाषणस्पर्धा होतात. या सगळ्याबरोबर एक टेबल, एक गुण्या, चार पट्ट्या आणि थोडा पुठ्ठाही ठेवावा, असे मला सुचवावेसे वाटते. रेल्वेच केली पाहिजे असे नाही. कोणी सांचीचा स्तूप मापात करील, कोणी चवदार तळे त्याच्या पायऱ्यांसह करील, कोणी आपल्या गावची जुनी वस्ती करील. अट एवढीच ठेवावी की माप मुलांनी स्वतः घ्यावे, प्रमाण स्वतः काढावे आणि जे होते ते सगळे दाखवावे. ज्यांच्या घरी कोणी रेल्वेत, गिरणीत, बंदरावर किंवा साखर कारखान्यात राबले असेल, त्यांनी त्या कामाची हत्यारे कोणती, कशी धरत, हे आताच विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत.

आमची बारावी वाघीण सध्या टेबलावर आहे. बंद डब्याची आहे, दारे सरकती करायची आहेत. दार अडकते आहे. नात म्हणते, खाच एक केसभर रुंद हवी. येत्या रविवारी पाहू.

जयभीम.